सातवीच्या पोरांचे कान

मुखेडच्या स्टँडवर लातूरची एसटी लागली, तेव्हा अण्णा, तुम्ही सासरे असून खिडकीतून रुमाल टाकून आमच्यासाठी जागा धरलीत. म्हणालात, "पोरगी लई हुशार हाय. हितं ऱ्हायली तर माती व्हईल तिची." हे शेतीसाठी मागे राहिले. गौरी सगळ्यांना हात हलवत होती आणि मला वाटलं, सुटली पोर.

गावात दुसरीत असून ती पाचवीची गणितं सोडवायची आणि उरलेला वेळ चिंचोके खेळायची. इथे मी क्लासच्या पोरांच्या मेसवर पोळ्या लाटते, तिला मोठ्या शाळेत घातलंय. तिची हुशारी शाळेला लगेच कळली. पुढे त्यांनी जे केलं ते फोनवर सांगताना माझा आवाज चढतो, म्हणून लिहितेय.

गणिताचे सर तिला सातवीच्या वर्गात न्यायचे. मोठ्या पोरांना जमलं नाही की गौरीनं फळ्यावर गणित सोडवायचं, आणि मग त्या पोरांचे कान पिळायचे. तिचा हात पुरत नाही म्हणून पोरं खाली वाकायची. वर्ग हसायचा, सरही हसायचे. मधल्या सुट्टीत तीच पोरं तिची वाट अडवायची.

पोर सकाळी उलट्या करायला लागली. दप्तर दिसलं की पोट धरून बसायची. येणारी गणितंही मुद्दाम चुकवायची. मी शाळेत गेले, तर सर म्हणतात, "ताई, कॉन्फिडन्स वाढून राहिला तिचा." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "त्या पोरांना शिकवायचं काम तुमचं हाय सर, माझ्या लेकराचं न्हाई. छडी करून ठेवलीय तुम्ही तिची."

मोठ्या बाईंच्या दारातून मी हललेच नाही. शेवटी ठरलं, गौरी आपल्याच वर्गात बसेल, पुढची पुस्तकं तिथेच वाचेल, कुणासमोर उभी राहणार नाही. उलट्या कमी झाल्यात, थांबलेल्या नाहीत.

आणि काल तुमचा फोन. "सूनबाई, दिवाळीला पारावर गौरीचा सत्कार ठिवलाय. शाल, नारळ. मंडळी गणितं घालतील, लई मज्जा यील." फोन स्पीकरवर होता. गौरीनं हातातला घास ताटात ठेवला आणि विचारलं, "आई, गावात बी?"

अण्णा, मला तुमचाही संताप आला. भाड्याच्या या एका खोलीत तिला कुणी काही विचारत नाही, म्हणून सध्या आमचं घर हेच. गावही तिचं घर राहावं असं वाटत असेल, तर तो सत्कार मोडा. तिला भावंडांसोबत खेळू द्या, हरू द्या.

गावात कुणी गणित घालणार नाही, असं मी तिला सांगितलंय. "अण्णा म्हणले का?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं, तेव्हा कुठे ती जेवली.

आता तुम्ही तसं म्हणा.