विहीणबाई आधी रडल्या असत्या तर

विहीणबाई अंगणात आडव्या पडल्या तेव्हा माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. त्या फाटकातून आत आल्या, त्यांनी मला पाहिलं, हातातलं गाठोडं सोडलं आणि बाभळीचं खोड पडावं तशा पडल्या. मी घास गिळते तोवर माझी सून धावत येऊन त्यांच्या उशाशी बसली आणि ओरडायला लागली. विहीणबाई म्हणजे तिची आई. सून हलवत होती, पण त्या डोळे उघडेनात. शेजारची म्हातारी आली, तिनं तळपायाला हात लावला आणि पाय गार पडल्याचं सांगून टाकलं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

सून माझ्याकडे पाहून म्हणाली, "मीच मारलं हिले. निरोप मीच धाडाले लावला."

ते खरं होतं. निरोप तिच्याच सांगण्यावरून गेला होता. आणि निरोप असा होता की मी मेले.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आमच्या उंद्रीला एस.टी. येत होती, ग्रामपंचायतीत रेडिओ वाजत होता, पण कावळ्यांच्या बाबतीत काही फरक पडलेला नव्हता. कावळा डोक्यावर बसला तर ते माणूस फार दिवस राहत नाही, असं आमच्याकडे मानतात. त्यावर उपाय एकच. बाहेरगावच्या नातेवाइकाला ते माणूस मेल्याचा खोटा निरोप पाठवायचा. नातेवाईक खरं समजून रडला, की मरण त्या रडण्यावर भागतं. मग निरोप्यानं लगेच सांगायचं, की खोटं आहे, डोळे पुसा.

मी अंगणात मुगवड्या वाळत घालून राखण करत बसले होते. कावळा वडी उचलायला आला, मी काठी उगारली, तर तो उडून सरळ माझ्या डोक्यावर बसला. त्याची नखं टोचली. मी त्याला शिवी दिली. तो खाली उतरला, वडी घेतली आणि गेला. माझ्यापुरती गोष्ट तिथे संपली होती. पण सुनेनं ओट्यावरून सगळं पाहिलं होतं.

माझा मुलगा पंचायतीत पंच होता. असल्या खुळ्या समजुती सोडून द्या, असं तो सभेत उभा राहून सांगत असे. त्या दिवशी तो जेवायला बसला, सुनेनं त्याला कावळ्याचं सांगितलं, आणि त्यानं ताट पुढे सरकवलं. कोणी रडल्याशिवाय अन्नाला हात लावणार नाही म्हणाला. मी म्हटलं, मग तूच रड. तर घरातल्यांचं चालत नाही म्हणे.

मग माझ्यासाठी कोण रडेल, याचा विचार सुरू झाला. मी भिंतीला टेकून ऐकत होते. माझा भाऊ राहतो संग्रामपूरकडे. तिथे निरोप पोचेपर्यंत मुलगा उपाशी मरायचा. शिवाय भाऊ रडेलच, असं मुलगा छातीवर हात ठेवून सांगेना. लेकीचे दिवस भरत आले होते, तिचं नाव मीच काढू दिलं नाही. एक नणंद होती. तिच्याबद्दल सून म्हणाली की त्या रडतील, पण आधी खोदून खोदून विचारतील आणि खोटं पकडतील. एवढं आयुष्य काढलं आणि भरवशानं रडणारं एक माणूस सापडेना. मला हसू आवरत नव्हतं आणि त्याचा मुलाला जास्त राग येत होता.

शेवटी सून म्हणाली, "माही माय रडन. म्हैस इकली तरी लय रडली थे."

असं मला म्हशीच्या शेजारी नेऊन बांधलं आणि अमडापूरचं नाव पक्कं झालं. विहीणबाईंचं आणि माझं लग्नाच्या पंगतीपासून वाजलेलं. त्यांनी वरण पातळ वाढलं होतं, हे मी बोलून दाखवलं, आणि तेव्हापासून त्या माझ्या घरचं काहीही खाल्लं की खारट म्हणून पाणी मागत.

निरोप घेऊन माझे चुलत दीर गेले. भाऊजी सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करणारे. मुलानं त्यांना बजावलं, की काहीही झालं तरी विहीणबाई रडल्याशिवाय खरं सांगायचं नाही. भाऊजी हाव म्हणाले आणि एस.टी.त बसले.

पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं. विहीणबाई दारात तुरीची डाळ पाखडत होत्या. भाऊजींनी मी गेल्याचं सांगितलं. त्यांचा हात थांबला. भाऊजी वाट पाहू लागले. विहीणबाईंनी केव्हा म्हणून विचारलं, सूप भिंतीशी उभं केलं, पेटीतून एक कोरं लुगडं काढून गाठोड्यात बांधलं आणि गड्याला बैलगाडी जुंपायला सांगितली. डोळ्यांत पाणी नाही. आता भाऊजी अडकले. रडल्याशिवाय सांगायचं नाही, आणि ही बाई तर रडत नाही. तेही गाडीत बसले.

वाटेत त्यांनी पुष्कळ खटपट केली. माझे गुण सांगायला लागले. आमच्या भावजयीनं दारी आलेल्याला कधी उपाशी पाठवलं नाही, म्हणाले. विहीणबाई म्हणाल्या, "मी जेवली हाये ना तिथं." पुढे भाऊजींना माझे आणखी गुण सुचेनात. मग ते स्वतःच्या आईच्या मरणाचं सांगायला लागले, म्हणजे त्यावरून तरी बाईला रडू येईल. ते सांगता सांगता त्यांनाच रडू कोसळलं. उरलेला सगळा रस्ता विहीणबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत आल्या. गाव दिसलं तेव्हा भाऊजींना वाटलं, जाऊ दे, मयत पाहिल्यावर तरी रडतील. मयत नाही, हे ते विसरले होते.

आणि मयत अंगणात बसून ठेचा-भाकरी खात होतं.

मी उठून हात धुतला. मुलगा कंपाउंडरला बोलवायला पळाला. कोणी तोंडावर पाणी मारलं, कोणी कांदा फोडून नाकाशी धरला. विहीणबाई हलेनात. सुनेचा आवाज बसला होता, नुसते ओठ हलत होते. तिच्याकडे पाहिल्यावर माझं हसू गेलं. कावळा बसला माझ्या डोक्यावर आणि गेली तिची आई, असं झालं असतं तर त्या मुलीनं जन्मभर स्वतःला सोडलं नसतं. मलाही सोडलं नसतं, आणि ते बरोबर झालं असतं.

गाठोडं सुटलं होतं. आतलं लुगडं माझ्यासाठी आणलेलं, चितेवर घालायला. मी ते उचललं आणि विहीणबाईंच्या कानाशी बसले. गोड बोलून त्या उठणार नाहीत, एवढं मला माहीत होतं.

मी म्हटलं, "इहीनबाई, लुगडं आनलं थे ठीक हाये. पन याचा काठ बराबर नाही."

काही झालं नाही. मी पुन्हा म्हटलं की काठ विटका आहे आणि पोत जाडं आहे. तेव्हा त्यांची भुवई हलली. डोळे मिटलेलेच होते. त्या हळूच म्हणाल्या, "मेलेल्या मानसाले काठ काऊन पाह्यजे?"

सून बसक्या आवाजात पुन्हा ओरडली, पण हे ओरडणं वेगळं होतं. विहीणबाईंनी डोळे उघडले, माझा हात धरला, दाबून पाहिला.

"तुमी मेल्या नाही?"

"नाही."

"मंग हा मानूस गाडीत रडत काऊन आला?"

भाऊजी खांबाआड उभे होते. त्यांना पुढे यावं लागलं. कावळ्यापासून सगळं सांगून झालं. विहीणबाई उठून बसल्या, एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि रागानं त्यांना असं रडू फुटलं की गल्ली गोळा झाली. माझं, भाऊजींचं, जावयाचं, कावळ्याचं, एकेकाचं नाव घेऊन त्या रडल्या. तेवढ्यात मुलगा कंपाउंडरला घेऊन आला. विहीणबाई रडताना दिसल्या तशी त्यानं आभाळाकडे पाहून हात जोडले. रडणं कशाचं आहे, हे त्याला कोणी सांगितलं नाही. तो आत गेला आणि पोटभर जेवला.

संध्याकाळी चहा घेताना मी विहीणबाईंना विचारलं, की निरोप ऐकल्यावर घरीच का रडला नाहीत. एवढं रामायण झालं नसतं.

"घरी कोन पाह्यत व्हतं?" त्या म्हणाल्या. "म्हतलं, इथं येऊन चार मानसाइत रडू."

हे मला पटलं. मीही तसंच केलं असतं.

लुगड्याचा प्रश्न राहिला. मयतासाठी आणलेलं कापड विहीणबाई परत नेईनात आणि सून घरात ठेवू देईना. मी ते नेसले. बुधवारी की कधी, आता आठवत नाही, त्यांच्या अमडापूरच्या बाजाराला तेच नेसून गेले. तिथे मी मेल्याचं सगळ्यांना कळलं होतं आणि जिवंत असल्याचं फारसं कोणाला कळलं नव्हतं. कांदेवाल्यानं मला पाहून तराजू खाली ठेवला. कासारीण बांगड्यांची टोपली उचलून दोन पावलं मागे सरली. विहीणबाई माझ्यासोबत मिरवत होत्या. विचारणाऱ्याला सांगत होत्या, हाव, ह्याच.

एक म्हातारबुवा काठी टेकत आले. त्यांची बायको मागल्या साली गेली होती. त्यांनी मला नमस्कार केला आणि ती तिकडे भेटली का, म्हणून विचारलं. थट्टा करत होते की खरंच विचारत होते, ते मला आजपर्यंत समजलं नाही.

मी म्हटलं, "भेटली ना. बरी हाये."

"मले शिव्या देत व्हती?"

"हाव."

"मंग थेच," ते म्हणाले, आणि समाधानानं पुढे गेले.

त्यानंतर मी अमडापूरचा बाजार सहसा चुकवला नाही. घेण्यासारखं काही नसलं तरी जायचे. विहीणबाई फाट्यावर येऊन थांबत. वरणावरून आम्ही अजून भांडतो.

भाऊजी पुढे तापानं गेले. पाय गार पडल्याचं सांगणारी म्हातारी गेली. मुलगा आता पंच नाही. विहीणबाई त्या दिवशी उठल्या त्या आजही आहेत, आणि मीही आहे.