सुलूताईच्या वडिलांचं रिव्हॉल्वर

बायको गेली, तिलाही हे मी कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण गेल्या दसऱ्यापासून माझाच मला इतका संताप येतोय की समोरचं ताट भिरकावून द्यावंसं वाटतं.

मला पोलिसांची जुनी हत्यारं जमवायचा नाद. नाद कसला — माज! सुभानपुऱ्यात माझ्याकडे लोक मुद्दाम बघायला येतात आणि मी बोलत सुटतो. संस्थानाच्या पोलिसांकडे विलायती रिव्हॉल्वर कसं आलं, झटापटीत कुणी हिसकावू नये म्हणून मुठीच्या कडीला दोरी बांधून ती गळ्यात कशी घालायचे, पुढे चपटी पिस्तुलं आली आणि ही अडगळीत कशी गेली. मग सगळ्यात शेवटी ते एक रिव्हॉल्वर बाहेर काढतो. संस्थानाचा शिक्का शाबूत. "आमच्या आजोबांचं," म्हणतो. लोक हात जोडतात. हात जोडतात हो!

आजोबा? माझे आजोबा कचेरीत कारकून. त्या माणसाने जन्मात झुरळ मारलं नाही.

ते आहे सुलूताईच्या वडिलांचं. सुलूताई म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीची मैत्रीण, हरणीला राहते, या वयातही मला बाळूच म्हणते. तिचे वडील संस्थानात फौजदार होते, ते त्यांना दरबारातून बक्षीस मिळालेलं. वडील गेले तेव्हा ती माझ्याकडेच आली. का? तर बाळूला त्यातलं कळतं.

"घरात ठेवता येईल का रे? बाबांची तेवढीच वस्तू उरलीये."

येत होतं! परवाना तिच्या नावावर झाला असता, मला चांगलं ठाऊक होतं. आणि मी काय सांगितलं? बायकांच्या नावावर होत नाही. ठाण्यात जमा करावं लागेल, सरकार वितळवून टाकतं. ती रडली. मी पाणी दिलं — केवढा दयाळू! — जमा करायचे कागद म्हणून तिची सही घेतली, आणि परवाना माझ्या नावावर करून घेतला.

गेल्या दसऱ्याला तिने जेवायला बोलावलं. तिची नात आता फौजदार झालीये, पणजोबांसारखी. पाटावर नातीचं सरकारी पिस्तूल पूजेला मांडलेलं, वर झेंडूचं फूल. "बाबांचं वितळवलं नसतं तर शेजारी ठेवलं असतं ना रे," सुलूताई म्हणाली. नात माझ्याकडे वळली, तिच्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाली, "बाळूआजोबा, तुम्ही तर बघितलंय ने? कसं होतं?"

आणि मी सांगितलं! नळी केवढी, मूठ कशी, शिक्का कुठे — थांबत थांबत, जुनं आठवत असल्याचं नाटक करत. त्याच सकाळी मी त्याला तेल दिलं होतं. पोरगी कान देऊन ऐकत होती. सुलूताईने डोळे पुसले. "तू आहेस म्हणून सांगणारं तरी कुणी आहे," म्हणाली, आणि मला श्रीखंड वाढलं.

तेव्हा तोंड उघडायला काय धाड भरली होती मला? परत देऊन टाक, म्हणाल. दिलं तर सांगावं लागेल — आणि ती मला बाळू म्हणायची बंद होईल. एवढंच. एवढ्यासाठी एका म्हातारीला तिच्या बापाची वस्तू मी दिसू देत नाही.

श्रीखंड मी पुन्हा मागून घेतलं. घरी आलो, कपाट उघडलं, दसरा म्हणून तिच्या बापाच्या रिव्हॉल्वरला हळदकुंकू वाहिलं आणि कुलूप लावलं.