बोनटवरची नोट

त्या परदेशी बाईंनी मला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मग पर्समधून नोट काढली, जिप्सीच्या बोनटवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकल्या. आपलं काही चुकलं तर नाही ना, असा चेहरा करून माझ्याकडे बघत राहिल्या.

वाघांच्या जंगलाचं मोहर्ली गेट. ऐन उन्हाळा. मी तिथं गाईड होतो, आणि सकाळच्या फेरीत मी त्यांना पिल्लांसकट वाघीण दाखवली होती. वाऱ्यानं नोट उडाली, धुळीत पडली. मी उचलायला वाकलो. आणि अर्ध्यावरच थांबलो.

माझी माय धान कापायला जायची. मजुरीचं धान मालक तिच्या पदरात वरून टाकायचा, हात लागू नये म्हणून. सांडलेले दाणे ती वाकून वेचायची. सोबत मीही. आम्ही बौद्ध झालो होतो. मालकाच्या खळ्यावर काही बदललं नव्हतं.

मी सरळ उभा राहिलो. पक्ष्यांच्या पुस्तकावरून शिकलेल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, हातात का नाही दिली? बाई लालबुंद झाल्या. रिसॉर्टच्या खोलीत मिळालेला कागद त्यांनी पुढे केला. पाहुण्यांनी इथं बक्षीस कसं द्यावं, ते छापलं होतं. ड्रायव्हरच्या हातात द्या. गाईडच्या हातात देऊ नका, समोर ठेवा. इथली तशीच रीत आहे. गेटवरचे गाईड सगळे आमच्या वस्तीतले, ड्रायव्हर गावातले.

मी आमच्या ड्रायव्हरकडे बघितलं. दिवाकरभाऊ. दोन वर्षं आम्ही एकाच गाडीवर. वाघाचा माग ओळखायला मीच त्यांना शिकवलेलं.

"भाऊ, हे कोणं सांगतलं?"

"मॅनेजरनं इचारलं, इथी कसं देतेत. मी आपल्या गावची रीत सांगतली. त्यात तुले राग याले काय झालं?"

राग नंतर आला. आधी आठवला डबा. रोज दुपारी दिवाकरभाऊ माझ्यासाठी पोळीभाजी डब्याच्या झाकणावर काढायचे, बोनटवर ठेवायचे आणि झाकण माझ्याकडे सरकवायचे. दोन वर्षांत एकदाही हातात दिलं नाही. आणि मी मूर्ख, घरी मायला कौतुकानं सांगायचो, भाऊ आपल्या डब्यातलं खाऊ घालतो. झाकण मी धुऊन द्यायचो. तेही बोनटवरच ठेवायचो, सवयीनं.

मालकाचं एवढं लागलं नव्हतं. तो मालकच होता. ह्या माणसाला मी भाऊ म्हणत होतो.

मी बाईंसमोर हात पसरला नाही, पुढे केला. तसाच धरून ठेवला. त्यांनी नोट उचलली, झटकली आणि माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण पुन्हा सरकलं. मी तसाच हात पुढे केला.

"हातात द्या, भाऊ."

दिवाकरभाऊंनी इकडेतिकडे बघितलं. गेटवर चार लोक होते. त्यांनी काही दिलं नाही. झाकण बोनटवरच राहिलं, पोळी उन्हात कडक झाली. मी उपाशीच दुपारच्या फेरीला गेलो.

वाकून उचलणं आमच्या घरात मायपासून माझ्यापर्यंत चाललं. आता बंद. हातात द्यायचं असेल तर द्या. नसेल तर बक्षीसही तुमच्याकडेच ठेवा, पोळीही ठेवा, आणि ते भाऊपणही.