किसनच्या आईचा समुद्र

लेथखाली लोखंडाचा कीस साचतो ना, तसे आमच्या पिंपरीच्या कारखान्यातले किस्से साचलेत. कितीही झाडा, पुन्हा हजर! त्यातले हे समुद्राच्या ट्रिपचे. तुम्ही खुशाल हसा. मला काही आता हसू येत नाही, राव.

*

लढाईनंतर मिलिटरीच्या जुन्या जीपगाड्या विकायला निघाल्या होत्या. त्यातली एक फिरत फिरत आमच्या किसनकडे आली. किसन पिंपरी गावातलाच, माझ्या शेजारच्या लेथवर. त्याच्या आईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. आमचा फिटर सदू पेणच्या पुढचा, घर समुद्राकाठी. त्याच्या तोंडून भरती-ओहोटी ऐकून म्हातारी म्हणाली, "एवढं पानी एकदा डोळ्यांनी बघू द्या रं. मग मी मराया मोकळी!"

झालं, ट्रिप ठरली.

*

किसनच्या ओट्यावर बैठक बसली. सदू म्हणाला, स्टोव्ह घेऊ. मी म्हणालो, घागर हवी. किसननं तर पाटा-वरवंटा काढून ठेवला! म्हातारी सगळं ऐकत होती.

"समुद्र बघाया चाललाय, का तिथं नांदाया?"

*

ट्रायल म्हणून किसननं जीप दापोडीपर्यंत नेली. जाताना झोकात गेली, येताना रुसली! शेवटी बैल जुंपून घरी आणली. अख्खं गाव बघायला लोटलं. म्हातारीनं जीपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बैलांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "समुद्राला यांनाच जुंपा रं!"

*

गाडी दुरुस्त झाली, तर रविवारी अमावास्या. पुढच्या रविवारी ओव्हरटाइम. म्हातारी पहाटेच नवं लुगडं नेसून, भाकऱ्या बांधून बसलेली. किसनला सांगायचा धीर होईना, त्यानं मला पुढं केलं.

"मावशी, पुढच्या रविवारी नक्की!"

"व्हय, व्हय. समुद्र काय पळून जातुया?"

भाकऱ्या तिनं आम्हालाच दिल्या. दुपारच्या सुट्टीत आम्ही त्या खाल्ल्या. असे किती रविवार गेले!

*

मग तापाचं निमित्त झालं आणि म्हातारी गेली.

दहाव्याला पवनेच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसून, एकही खाली येईना. म्हणजे तिची इच्छा राहिलेली. भावकीतले लोक हात जोडून नाही नाही ते कबूल करत होते. काय राहिलंय ते आम्हा तिघांना पक्कं ठाऊक होतं. शेवटी किसन म्हणाला, "आये, येत्या रविवारी समुद्राला न्हेतो."

कावळे ढिम्म!

सदूला रडू फुटलं. "अरे, तिचा भरवसाच उरला नाही तुझ्यावर! दर रविवारी हेच सांगत आलास!"

किसन उठला. तसाच ओलेत्यानं जाऊन जीप घाटावर घेऊन आला. पुढची सीट उपरण्यानं पुसली.

"चल आये, बस. आत्ताच जायाचं."

कावळा शिवला.

अजून तेरावा व्हायचाय, म्हणून भटजी ओरडत राहिले. किसननं ऐकलं नाही. मी आणि सदू मागे बसलो. बोरघाट उतरलो, पेण गेलं. दिवस मावळता मावळता किसननं जीप थेट वाळूत घातली आणि पाण्याकडे तोंड करून उभी केली. आम्ही उतरलो. तो तसाच बसून.

अंधारून आलं. सदू म्हणाला, "किसन, चल आता. घर जवळच आहे."

किसननं ओठावर बोट ठेवलं.

"थांब जरा. ती बघतीया."