मॉनिटरवरचं बिस्कीट

"हा माझा नाही जी, पोराचा आहे. मी फक्त सांभाळून राहिली."

आमच्या समोरच्या मॅडम कुत्र्याची ओळख अशी करून द्यायच्या. विचारलेलं कुणीच नसायचं. दूधवाला, गॅसवाला, मतं मागायला आलेला उमेदवार, सगळ्यांना हे वाक्य ऐकावं लागे. तोवर ब्रूनो त्यांच्या चपला हुंगून मोकळा झालेला असे.

मॅडम नागपूरच्या. सरकारी कचेरीत वरच्या जागेवरून निवृत्त झालेल्या, यजमान आधीच गेलेले. मुलाला हिंजवडीत नोकरी लागली तेव्हा त्याच्याबरोबर धनकवडीला आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या. कुत्रा मुलानेच हौसेने आणला. मग कंपनीने मुलाला थोड्या दिवसांसाठी म्हणून अमेरिकेला पाठवलं. थोड्या दिवसांसाठी गेलेली अशी मुलं तुमच्याही इमारतीत असतील. आई आणि कुत्रा इथे राहिले.

मला कुत्री आवडत नाहीत, हे मी मॅडमना पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकलं होतं.

"मला तरी कुठं आवडतात, भाऊ?" त्या म्हणाल्या आणि ब्रूनोसाठी वेगळा बिनमिठाचा भात लावायला आत गेल्या.

सकाळ-संध्याकाळ ही जोडी फिरायला जायची. पुढे ब्रूनो म्हातारा झाला. आधी मागच्या पायांतलं बळ गेलं, मग कान गेले, मग डोळ्यांवर दुधी पडदा आला. इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टसाठी सोडलेल्या जागेत आमची सोसायटी मोडक्या सायकली सांभाळते. एवढं धूड उचलून खाली न्यायला मॅडमच्या गुडघ्यांत जोर नव्हता, आणि त्याला एकटं ठेवलं की तो असा विव्हळायचा की सगळा मजला दारात यायचा. त्यामुळे मॅडमचंही खाली उतरणं बंद झालं. भाजी त्या गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून घेऊ लागल्या. दरवर्षी दसऱ्याला न चुकता दीक्षाभूमीला जाणारी बाई, त्या वर्षी भरलेली बॅग तिने पुन्हा कपाटात रिकामी केली.

"येरवड्यात बरं, भाऊ," त्या मला म्हणाल्या. "तिथं निदान सुटायची तारीख सांगतात."

रविवारी सकाळी मुलगा कॉम्प्युटरवर दिसायचा. पूर्वी त्याचा आवाज आला की ब्रूनो मॉनिटरच्या मागे जाऊन त्याला शोधायचा. आता ऐकूच येईना. एका रविवारी मुलगा हाका मारून मारून हिरमुसला. मॅडमना ते काही बघवलं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावून घेतलं.

बेत असा होता. ब्रूनोच्या पोटाखाली हात घालून त्या त्याला बसता धरणार आणि मी कॅमेऱ्यात न दिसता मॉनिटरच्या वर बिस्कीट धरायचं. नाक शाबूत होतं. ब्रूनोने मान वर केली, शेपटी फरशीवर आपटली.

"आई, ओळखलं त्याने! माझ्याकडेच बघतोय!" पलीकडे तो एवढा थोरला इंजिनियर आनंदाने ओरडला.

त्यानंतर रविवारची माझी ड्युटीच लागली. कुत्री न आवडणारा मी, बिस्किटं मात्र स्वतःच्या पैशाने आणायचो.

थंडी सुरू झाली तसं ब्रूनोच्या अंगाला पडून पडून जखमा झाल्या. कूस बदलली तरी तो कळवळायचा. तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले, "मॅडम, फार हाल होताहेत त्याचे. आता सोडवा त्याला."

मॅडमनी मुलाला फोन लावला.

"काहीतरीच काय, आई! परवा तर मस्त बघत होता माझ्याकडे. डॉक्टर चेंज कर. इथलं सॉफ्टवेअर रिलीज झालं की येतोच आहे मी. प्लीज, तोवर थांबव त्याला."

"थांबव म्हणते," फोन ठेवून मॅडम म्हणाल्या. "एसटी आहे का, हात दाखवून थांबवायला?" आणि पदर डोळ्यांना लावला. त्यांनीच रचलेल्या नाटकात त्या आता पुरत्या अडकल्या होत्या. खरं सांगावं तर पोराचं मन मोडणार, न सांगावं तर मुकं जनावर समोर तळमळतंय. मला त्यांची फार दया आली.

पुढच्या रविवारी मी बिस्कीट घेऊन गेलो.

"आज राहू द्या, भाऊ." त्यांनी कॅमेरा खाली वळवला. ब्रूनो गोधडीवर आडवा पडला होता. मुलगा हाका मारू लागला.

"झोपलाय का गं?"

"नाही. जागा आहे."

"मग बघत का नाही?"

"त्याला दिसत नाही, बाबू. ऐकूही येत नाही. लय दिवस झाले."

"मग इतके दिवस बघायचा तो?"

मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. मी वाकून कॅमेऱ्यासमोर आलो आणि हातातलं बिस्कीट दाखवलं. इतकं ओशाळल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

मग तो म्हणाला, "बोलव डॉक्टरांना. कॅमेरा बंद करू नको."

दुपारच्या आत डॉक्टर आले. मॅडमनी ब्रूनोचं डोकं मांडीवर घेतलं आणि हलक्या आवाजात त्रिशरण म्हटलं. इंजेक्शन दिलं ते ब्रूनोला फारसं कळलं नसावं. वॉचमनने आणि मी त्याला सोलापुरी चादरीत घालून खाली नेलं. मॅडम चादरीचं एक टोक धरून मागोमाग उतरल्या. त्याला न्यायला आलेली गाडी गेटाबाहेर पडेपर्यंत उभ्या राहिल्या.

वर येताना दुसऱ्या मजल्यावरच्या वळणावर त्या पायरीवर बसल्या. वरचं दार उघडंच होतं. आतल्या कॉम्प्युटरमधून आवाज आला, "आई? आई, आहेस का? अगं, बोल ना!"

मी सांगायला निघालो. त्यांनी माझी बाही धरली.

"थांबा, भाऊ. मारू द्या त्याला हाका."

"अहो, घाबरेल तो."

"घाबरू द्या जरा."

हाका येत राहिल्या. पोराचा आवाज रडवेला झाला तशा मॅडम कठडा धरून अर्ध्या उठल्या, आणि पुन्हा खाली बसल्या.