कडूकांद्याची चिठ्ठी
परवा डहाणूच्या बाजारात उकडलेल्या करांद्यांचा, त्या रानातल्या कंदांचा, वास आला आणि साठ सालाच्या आसपासचं सायवन गाव आठवलं. तिथे मी नवा मास्तर होतो आणि दुपारी बायांना लिहायला-वाचायला शिकवत असे. शब्द वाचता आले की फळ्यावरच्या झाड, अवजार, अन्न, विष अशा रकान्यांत त्यांच्या चिठ्ठ्या लावायला सांगायचो. एका म्हातारीने 'कडूकांदा' हे करांद्यासारख्याच पण कडू रानकंदाचं नाव अडखळत वाचलं आणि चिठ्ठी अन्नाखाली लावली. "आजी, याला गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत," म्हणत मी चिठ्ठी उपटून विषाखाली डकवली. सगळा वर्ग हसला. ती हळूच म्हणाली, "काप करून राखेत उकडायचा, रातभर वाहत्या पाण्यात ठेवायचा. मग विष जातं, गुरुजी. घरातला भात सरला का आम्ही तोच खातो." दुसऱ्या दिवशी तिने माझ्यासाठी पानाच्या पुडीत थोडे शिजवलेले काप आणले. नंतर खातो म्हणालो आणि घरी जाताना पुडी ओहोळात टाकली. खाली वळणावर ती टोपलीतले नवे काप धूत बसलेली मला दिसलीच नव्हती. पुडी तिच्यापाशी वाहत आली. तिने ती अडवली, काप पदरात बांधले आणि वर न बघता पुन्हा धुवायला लागली. चिठ्ठी मात्र मी त्यानंतरही विषाखालून हलवली नाही, आणि परवा त्या वासापाशी माझी मान आपोआप खाली गेली.