दोन औट सात

सोजरला जाऊन दीड महिना झाला. बायको माझी. बीडच्या दवाखान्यात शेवटच्या दिवशी दुपारी तिनं ना पाणी मागितलं, ना लेकाची चौकशी केली. विचारलं काय, तर "आवं, पुस्तक आलं का?" आलं नव्हतं. मी म्हणालो, "आलं." "माजं नाव हाय?" "हाय की." "कितव्या पानावर?" आता मी चौथी शिकलेला माणूस, थाप मारायलाही डोकं लागतं... तोंडाला आलं ते बोललो, "पस्तिसाव्या." ती हसली. "म्हंजी दहा औट," म्हणाली आणि डोळे मिटून पडली. दिवस मावळायच्या आत गेली. दहाव्याला आलेले लोक म्हणाले, सवाष्ण गेली, भाग्याची. म्हणजे मी मागं राहिलो हे तिचं भाग्य! असल्या शहाण्यांना मी चहासुद्धा विचारला नाही.

औट म्हणजे साडेतीन. हे समजावून सांगावं लागतंय याचीच लाज वाटते, पण आता वडवणीच्या बाजारात दीड किलोचा हिशोब विचारला तरी पोरं मोबाईल काढतात. आम्ही दोर वळणारी माणसं. केकताडाची, म्हणजे घायपाताची, पानं भिजवायची, बडवायची, आतला धागा, तो वाख, काढून त्याला पीळ द्यायचा. जनावर बांधायचं दावं औट हात लांब, म्हणून किती दाव्यांना किती दोर लागतो ते औटकीवर, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यावर निघायचं. सोजरचा बाप शाळेच्या भिंतीला बाहेरून पाठ लावून वाख सोलायचा. आत पोरं घोकायची, बाहेर ह्याचं पाठ व्हायचं. आतली विसरली. ह्यानं लेकीला दिलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण पावकी, दिडकी, औटकी अशी म्हणायची की समोरचं गिऱ्हाईक बोटं मोजीत बसायचं आणि ही म्हणायची, "मोज बाबा, मोज. तवर मी भाकर खाऊन घेते."

दोन वर्षांपूर्वी शहरातून एक प्राध्यापक आले. गणिताचा इतिहास लिहीत होते, पार जुन्या काळापासून कॉम्प्युटरपर्यंत. खाटेवर बसून आम्हालाच सांगायला लागले, भूमितीचा उगमच मुळी दोरीत आहे. यज्ञाच्या वेदी दोरी ताणून आखायचे, ती रीत लिहिलेल्या ग्रंथांचं नावही दोरीवरूनच पडलं. मग शून्य आपण जगाला दिलं वगैरे. 'आपण' म्हणताना छाती अशी काढली, जसं काही सकाळी ह्यांनीच टपालात टाकलं होतं. सोजर वाख विंचरत ऐकत होती. म्हणाली, "मंग ती दोरी कुणी वळली, ते लिवलंय का त्यात?" साहेब हसले. लिहून मात्र घेतलं नाही. तिचे पाढे तेवढे मोबाईलवर घेतले आणि जाताना म्हणाले, पुस्तकात तुमचं नाव येईल.

येईल म्हणाले ते ह्या बाईनं धरून ठेवलं. मी चिडवायचो, "नाव छापून दावं काय लांब होणार हाय?" ती म्हणायची, "रेशनकार्डावर सोजाबाई, मतदानाच्या यादीत सरजाबाई. एका जागी तरी नीट यिऊ द्या की..." पोस्टमन दिसला की दारात उभी राहायची. आणि मी हसायचो. मीही काही कमी गाढव नाही.

ती गेल्यावर अठरा दिवसांनी पुस्तक आलं. जाडजूड. ग्रीक, अरब, सगळ्यांची नावं ठळक. बोट ठेवून ठेवून आठ दिवस वाचलं. शेवटाकडं एक उतारा सापडला. बीड जिल्ह्यातल्या एका निरक्षर वृद्धेकडून मिळालेली 'आठकी'. खाली पाढा छापलेला, एक आठ आठ, दोन आठ सात, तीन आठ साडेदहा. आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं की वार्धक्यामुळं पाढ्यात चुका आढळतात.

औटचं आठ ऐकलं ह्या माणसानं! आठाचा पाढा शेंबडं पोरगंही म्हणतं, त्याला वडवणीला कशाला आलास बे? आणि साडेदहा दिसल्यावर तरी थांबावं की नाही? नाही. चूक बाईचीच असणार.

शेजाऱ्याकडून फोन लावून घेतला. म्हणालो, "सायेब, ते आठ न्हाई, औट हाय. बाई चुकली नव्हती." ते म्हणाले, "बाबा, छापून झालंय आता. दुसऱ्या आवृत्तीत बघू. आणि मुख्य विषयाला त्यानं काही फरक पडत नाही."

"तिला पडतो," म्हणालो मी. पडायचा, असं म्हणायला पाहिजे होतं... फोन तोवर बंद झाला होता.

त्यांच्या दुसऱ्या आवृत्तीची वाट बघायला मी काही सोजर नाही. पस्तिसाव्या पानावर कुणा परदेशी बाबाचं चित्र आहे. त्याच्या डोक्यावरच्या कोऱ्या जागेत बॉलपेननं लिहिलं, सोजरबाई. दोन वेळा गिरवलं. तेवढी थाप खरी केली.

तिनं वळलेलं शेवटचं दावं दाराच्या खुंटीला आहे. नायलॉनच्या दोऱ्या आल्यापासून गिऱ्हाईक नाहीच, तरी ती वळायची. रोज सकाळी मी ते काढून कोपरापासून बोटापर्यंत मोजतो. सव्वातीनच हात भरतं. पहिल्या दिवशी म्हटलं, प्राध्यापक खरा ठरला की काय. मग आठवलं, माझा हात लांब. लग्नापासून ती मला चिडवायची त्यावरून. तिच्या हातानं दावं औटच आहे. परत खुंटीला लावतो.